डावीकडची खिट्टी

फियाटच्या पुढच्या दाराला जी छोटी त्रिकोणी काच असते, तिला आमच्या घरात 'वाऱ्याची काच' म्हणत. ती जराशी तिरकी केली की धावत्या गाडीत वारा असा घुसायचा, की समोर बसलेल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या काचेला आतून बोटभर लांबीची एक खिट्टी असते, आणि खिट्टीला एक बारीक बटण. बटण दाबायचं, मग खिट्टी फिरवायची. बाबांच्या बाजूची खिट्टी कायम चोख. आईच्या बाजूची, म्हणजे डावीकडची, सैल. गाडी साठच्या पुढं गेली की ती आपोआप सुटायची, आणि आई गप्पा न थांबवता डाव्या हाताच्या बोटानं काच दाबून धरायची. खंबाटकीचा घाट, कात्रजचा घाट, नृसिंहवाडी, पंढरपूर. सगळीकडं तिनं ती काच अशी धरून नेली. लहानपणी मला वाटायचं, पुढं डावीकडं बसणाऱ्याचं ते कामच असतं.

गाडी १९७१ ची. फियाट ११०० डिलाइट. आमच्याकडं नुसतं 'इलेव्हन हंड्रेड'. पद्मिनी हे नाव धाकटीला मिळालं, १९७४ मध्ये. थोरली म्हणजे 'डुक्कर फियाट', नाकाड पुढं काढलेली, पुढची दारं उलटी उघडणारी. आमची मधली. बाबांनी ती १९७९ मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, म्हणजे आमच्या घरी आली तेव्हाच ती आठ वर्षांची होती. हे मी मुद्दाम सांगतोय, त्याचं काम पुढं पडणार आहे.

बाबा गेले आणि गाडी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या पत्र्याच्या शेडात उभी राहिली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा शेडात आली. पाच दिवस सीटपर्यंत पाणी. ओसरल्यावर दार ओढून उघडलं तर खाली चार बोटं गाळ आणि गाळात एक खेकडा. खेकडा जिवंत होता. गाडीबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा यायच्या आत मी गाडी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं ओढत नेली. वय सत्तरीचं, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. त्यांनी बोनेट उघडलं, बंद केलं, वाकून खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं टोचला. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला.

"करूया की," म्हणाले. "पण आधी एक सांगा. ओरिजिनल करायची, का चालवायची?"

मला तो प्रश्नच चुकीचा वाटला. मी म्हटलं, दोन्ही. ते हसले नाहीत, पण तार गुंडाळलेली काडी तेवढी सरळ केली.

पहिलं वर्ष मी ओरिजिनलच्या भुतानं झपाटलेला होतो. त्याला खतपाणी सरकारनंही घातलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरबदल न झालेली. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. आमच्या गाडीनं त्याच वर्षी पन्नाशी गाठली होती. मला तो शकुन वाटला. नियमाचा पुढचा भाग, म्हणजे अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही, हा मी तेव्हा भरभर वाचून सोडून दिला.

'मूळ रूप' हे दोन शब्द कागदावर सोपे दिसतात. या गाडीला वेगळी चासी नाहीच. १९५३ मध्ये इटलीत हे मॉडेल आलं तेच सांगाडा आणि कवच एक करून. जीपचं कसं, खाली शिडीसारखी चासी आणि वर बॉडी ठेवलेली. तसं इथं नाही. खालचा पत्रा हाच पाठीचा कणा. आमचा कणा पुरानं खाल्लेला. मिस्त्री तो कापून सोळा गेजचा नवा पत्रा झाळणार होते. आता हा मोठा फेरबदल झाला, का नुसतं डेंटिंग? मी दोन रात्री यावर विचार केला. मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी सकाळी ग्राइंडर चालवून प्रश्न निकाली काढला.

पार्ट शोधायला मी कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये अजून अशी दुकानं आहेत, जिथं छतापासून मडगार्ड लोंबतात आणि गल्ल्यावरचा माणूस फोनवर बोलता बोलता हातानंच दाखवतो, वर चढा, मागं बघा. तिथली भाषा शिकायला मला दोन खेपा लागल्या. 'कंपनी' म्हणजे कारखान्याच्या डब्यातला माल. 'ओरिजिनल' म्हणजे कारखान्याला माल पुरवणाऱ्याचा, पण डबा दुसरा. 'लोकल' म्हणजे लोकल. 'गाडीतला' म्हणजे कुणाच्या तरी मेलेल्या गाडीतून काढलेला. आणि दुकानदार जेव्हा शपथेवर 'एकदम ओरिजिनल' म्हणतो, तेव्हा त्याला काय म्हणायचंय हे त्याचं त्यालाच माहीत.

तिथं मला खजिना मिळाला. ब्रेकचे तीन होज पाइप आणि व्हील सिलिंडरची रबरं, कंपनीच्या डब्यात, पिवळ्या पडलेल्या मेणकागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली. डब्यावरची छपाई इतकी सुंदर, की मी भाव केला नाही. अशा मालाला शौकीन मंडळी जपतात, कारण तो जुनाही असतो आणि कोराही. परतीच्या गाडीत डबा मांडीवर ठेवून आलो.

मिस्त्रींनी होज हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि दोन्ही टोकं धरून विळ्यासारखा वाकवला. बाहेरच्या रबरावर बारीक चिरा उमटल्या, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या काठासारख्या. मग त्यांनी रबराचा कप अंगठ्यानं दाबला. तो दबला नाही, कडेनं टवका उडाला.

"वापरला नाही म्हणून रबराचं वय थांबतं होय?" म्हणाले. "चारी चाकांना एकच लाइन आहे हिला. हा एक फुटला की पेडल फळीला टेकलंच म्हणायचं. मग बसा डब्यावरचं नाव वाचत."

शेवटी होज बसले ते नवे, त्याच वर्षी बनलेले, कुठल्याही जुन्या डब्याशी नातं नसलेले. ब्रेक लायनरही नवे. त्या काळच्या मूळ लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते घासून हवेत उडवण्यात कसली आली निष्ठा? तो रिकामा डबा मात्र मी टाकला नाही. माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवतो.

त्या होजनं माझ्या भुताला पहिला तडा गेला. दुसरा गेला तो एका साध्या तारखेनं. मी वाचत होतो तेव्हा लक्षात आलं, की ट्यूरिनमध्ये फियाटनं ११०० चं उत्पादन १९६९ मध्येच थांबवलं. म्हणजे सांगलीच्या त्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये कोरी गाडी घेतली, तेव्हा मूळ गावात ती संपलेली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती परवान्यावर बनत होती, आणि पद्मिनी होऊन त्यानंतर आणखी जवळजवळ तीस वर्षं बनत राहिली. दारं, बोनेट, गिअरपेटी, हळूहळू सगळं इथलं झालं. त्या काळचं धोरणच होतं तसं: नुसती जोडणी करणाऱ्यांना दार बंद, सुटे भाग इथं बनवा. मग ज्या पार्टला मी कुर्ल्याच्या गल्लीत 'मूळ' म्हणून शोधत होतो, तो स्वतःच एक परवानगीनं केलेली नक्कल होता. नक्कल मूळापेक्षा तीन दशकं जास्त जगली एवढंच. यात कमीपणा काही नाही, उलट मला याचं कौतुकच वाटतं. पण 'अस्सल' हा शब्द त्यानंतर मी जरा हळू आवाजात वापरू लागलो.

आणि ज्या 'लोकल' मालाला आपण नाकं मुरडतो, तो कुणासाठी बनला? शौकिनांसाठी नक्कीच नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींसाठी. टॅक्सीवाल्याला गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी आणि पार्ट खिशाला झेपणारा. त्याच्या गरजेवर किंगपिन, क्लच प्लेट, सायलेन्सर, दाराची हँडलं बनवणारे कितीतरी छोटे कारखाने जगले. वीस वर्षांची वयोमर्यादा आली, टॅक्सी घटत गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. तिसऱ्या खेपेला मी कुर्ल्याला गेलो तो त्यानंतर. गल्ल्यावरच्या माणसानं मान हलवली.

"साहेब, बनवणाऱ्यानं डाय विकून टाकली. आता डुप्लिकेटपण ओरिजिनल मिळत नाही."

तरी त्यानं वरून एक पुडी काढून दिली. वाऱ्याच्या काचेची डावी खिट्टी, लोकल, पुडीत दोन. आणि वेगळ्या कागदात एक कंपनीची स्प्रिंग.

आता खिट्टीकडं येतो, कारण माझ्या सगळ्या गोंधळाचं उत्तर त्या बोटभर तुकड्यात निघालं.

गाडीतल्या दोन्ही खिट्ट्या मिस्त्रींच्या टेबलावर होत्या. मला त्या सारख्याच वाटत. क्रोम दोन्हींचं गेलेलं. मिस्त्रींनी उजवी तळहातावर घेतली, मग डावी, आणि भाजीवालीनं वजन करावं तसं हात खालीवर केले. "ही जस्ताची, ही पितळेची," म्हणाले. उजवी कारखान्याची होती, साच्यात दाबानं ओतलेली. तिच्या अंगावर मुरमांसारखे फोड. जस्ताच्या मिश्रधातूला आतून असा रोग लागतो, आणि वर कितीही क्रोम चढवा, फोड पुन्हा येतात. डावी पितळेची, वाळूच्या साच्यात ओतलेली, कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. मागच्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, सेंटर पंचची दोन टिंबं.

बाबांची गाडीच्या खर्चाची वही घरी आहे. निळ्या पुठ्ठ्याची, टायरच्या पानावर दुधाचा हिशोबही आहे. संध्याकाळी चाळली. मे १९८६: 'डावी खिट्टी, उद्यमनगर, रु. १२.'

म्हणजे आई जिला आयुष्यभर बोटानं धरून बसली होती, ती खिट्टी याच पेठेत, बहुधा याच गल्ल्यांपैकी एकीत ओतलेली होती. पण मग सैल का? मिस्त्रींनी व्हर्नियर लावला. उजवी ४१.२ मिलिमीटर. डावी ४०.६. कुर्ल्याहून आणलेली लोकल पुडीतली, ३९.९.

मिस्त्री पहिल्यांदा मोकळे हसले. "हा आजा, हा लेक, हा नातू!"

त्यांनी सांगितलं ते असं. पितळ ओतताना वितळलेलं असतं, थंड होताना आकसतं, शंभराला साधारण दीड. म्हणून जाणता पॅटर्नवाला लाकडी नमुना मुळातच तेवढा मोठा करतो. त्याच्याकडं मोजायची पट्टीच वेगळी असते, जिच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. पण घाईचं गिऱ्हाईक असेल, बारा रुपयांचं काम असेल, तर जुना पार्टच नमुना म्हणून वाळूत दाबतात. निघणारी नक्कल दीड टक्क्यानं लहान. उद्या ती नक्कलच कुणी वाळूत दाबली, की आणखी दीड टक्का गेला. डोळ्याला काही कळत नाही. काचेला कळतं. आमच्या घरातली सहा दशांश मिलिमीटरची फट आईनं तेहतीस वर्षं बोटानं भरून काढली होती.

डुप्लिकेट पार्ट बसत नाही तेव्हा आपण बनवणाऱ्याच्या नियतीवर शंका घेतो. बऱ्याचदा नियत ठीक असते, नमुना चुकीचा धरलेला असतो. त्यानं मूळ पार्ट कधी पाहिलेलाच नसतो. त्यानं पाहिलेली असते ती कुणीतरी केलेली नक्कल. मला हे कळल्यावर कुर्ल्याच्या त्या पुडीवरचा राग गेला. पुडी मात्र वापरली नाही.

आम्ही नवी खिट्टी केली. उजवीवरून मापं घेऊन, आरशातल्यासारखी उलटी करून, एका पॅटर्नवाल्यानं सागवानाचा नमुना घडवला, त्याच्या त्या मोठ्या इंचाच्या पट्टीनं. पितळ ओतलं. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तीन थर चढवले. क्रोम स्वतः नुसता चकाकीचा पापुद्रा असतो, खरं काम खालचे दोघं करतात. कंपनीची स्प्रिंग आत बसवली. व्हर्नियर लावला, ४१.२. बटणाचा आवाज असा, की मी पाच-सहा वेळा उगाच दाबून पाहिलं. बारा रुपयांची खिट्टी मला साडेतीन हजारांना पडली. हे घरी सांगितलेलं नाही.

मिस्त्रींनी पाठीमागं टिंब मारायला पंच उचलला. मी विचारलं, कशाला? "उद्या कुणी उघडली तर कळाय पायजे की, ही आपली हाय." भांड्याच्या दुकानात नाव घालून घेतो तसंच की. गंमत अशी, की जुन्या मोटारींच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१२ मध्ये एक सनद मंजूर केली, आणि तिला नावही नेमकं फियाटच्याच ट्यूरिन गावाचं. तिच्यात हेच आहे: बदललेला भाग मूळ भागापासून ओळखता यावा म्हणून त्यावर न खुपणारी पण कायमची खूण करावी. उद्यमनगरातल्या कुणा अनाम कारागिरानं ती सनद यायच्या पाव शतक आधी दोन टिंबं मारून पाळलेली होती. आता नव्या खिट्टीवर तीन आहेत.

रंगाचं थोडक्यात सांगतो. दाराच्या कडेला खरवडलं तर वर पांढरा, खाली बदामी, आणि तळाशी राखाडीकडं झुकणारा फिका निळा. वणीच्या सप्तशृंगीचं शेंदराचं कवच २०२२ मध्ये उतरवलं आणि आतलं मूळ रूप दिसलं, तेव्हा आमच्या आत्यानं फोटो बघून हात जोडले आणि मग हळूच म्हणाली होती, ओळखीची नाही वाटत गं. मला तो निळा बघून अगदी तसंच झालं. तो डॉक्टरांच्या गाडीचा रंग होता. कारखान्यातून निघालेलं ते 'मूळ रूप' आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आपली पांढरी होती. निळी कुणाची?" गाडी पांढरी केली. शौकीन मित्रानं कपाळाला हात लावला. दाराच्या आतल्या कडेला तळहाताएवढा निळा मात्र खरवडून तसाच ठेवलाय, त्याच्या समाधानासाठी आणि थोडा माझ्याही.

व्हीए नंबरचा अर्ज भरलेला नाही. तो सोडून दिलेला नियमाचा भाग या वेळी नीट वाचला, आणि आईला दर रविवारी कुठंतरी न्यायचं तर ती प्लेट आपल्या कामाची नाही हे कळलं.

परवा तिला घेऊन जोतिबाला निघालो. हँडगिअर अजून तिसऱ्यातून चौथ्यात जाताना थोडी कुरकुर करतो, बाकी गाडी सुरेख. केर्ली ओलांडलं, चढ सुरू झाला. बाहेर ऊन रणरणत होतं. आईनं सवयीनं डावा हात काचेकडं नेला, थोडा वेळ तिथंच ठेवला. धरायला काही नव्हतं.

"वारा येत नाही रे," म्हणाली. "उघड की ही."

तिनं बटण दाबून पाहिलं. मग अंगठ्यानं. मग दोन्ही हातांनी. ऐंशी वर्षांच्या बोटांना ते दबेना. मी गाडी कडेला घेतली, पलीकडून वाकून काच उघडून दिली आणि तिथूनच मिस्त्रींना फोन लावला.

"स्प्रिंग ओरिजिनल हाय ना," ते म्हणाले. "कडकच असणार. उद्या घेऊन या, लोकल टाकून देतो."